गोळीबंद पाकाच्या पलीकडे

भारतात बटरस्कॉच या नावाने विकल्या जाणाऱ्या आइस्क्रीममध्ये जे सोनेरी, दाताखाली कुरकुरणारे कण सापडतात, ते बहुतेक वेळा वितळवलेल्या साखरेत काजूचे तुकडे घालून, ती थंड झाल्यावर कुटून केलेले असतात. पाश्चात्त्य बेकरीत ज्यांना टॉफीचे तुकडे म्हणतात ते याच कुळातले. परंतु त्यांत साखरेच्या बरोबरीने लोणी असते, आणि या एका फरकामुळे त्यांचा रंग, चव, ठिसूळपणा आणि ते करताना येणाऱ्या अडचणी हे सगळेच बदलते. मराठी बोलण्यात ‘टॉफी’ हा शब्द कागदात गुंडाळलेल्या कोणत्याही गोळीला लावला जातो, मुलांच्या तोंडी तर अशी प्रत्येक गोळी ‘चॉकलेट’च असते, आणि नाशिक जिल्ह्यातील रावळगावच्या गोळ्या घरोघर पोहोचल्यावर त्या गावाचे नावच गोळीचे नाव होऊन बसले, म्हणून येथे टॉफी म्हणजे नेमके काय, हे आरंभीच सांगणे आवश्यक आहे. लोणी आणि साखर एकत्र उकळून, त्यांतील जवळजवळ सगळे पाणी घालवून, पातळ थरात ओतून थंड केलेला कडक पदार्थ म्हणजे टॉफी. लिमलेटच्या गोळीत केवळ साखरेचा पाक असतो, स्निग्ध पदार्थ नसतो. मऊ कॅरॅमलमध्ये दूध किंवा साय असते आणि ते साधारण ११८ ते १२० अंश सेल्सिअस तापमानालाच आचेवरून उतरवले जाते. टॉफी मात्र १५० अंशांच्या जवळ न्यावी लागते.

हा पदार्थ मूळचा इंग्लंडच्या उत्तर भागातला. वेस्ट इंडीजमधील मळ्यांवर गुलाम केलेल्या माणसांच्या श्रमातून आलेली साखर अठराव्या शतकापासून ब्रिटनमध्ये उत्तरोत्तर स्वस्त होत गेली, १८७४ साली तिच्यावरील करही उठला, आणि गिरण्या-कारखान्यांच्या गावांत कामगारांना परवडणारी मिठाई म्हणून टॉफी रुळली. लिव्हरपूलच्या एव्हर्टन भागातील टॉफी इतकी प्रसिद्ध होती, की तेथील फुटबॉल संघाला आजही ‘द टॉफीज’ म्हणतात. यॉर्कशरमधील हॅलिफॅक्स या गावी जॉन मॅकिंटॉश आणि त्यांची पत्नी व्हायोलेट यांनी १८९० साली दुकान काढले आणि ठिसूळ इंग्रजी बटरस्कॉच व मऊ अमेरिकी कॅरॅमल यांच्या मधली अशी टॉफी विकायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे मोठा कारखाना उभा राहिला. पाच नोव्हेंबरच्या रात्री होळ्या पेटवण्याचा जो इंग्रजी सण आहे, त्यात काकवीसारख्या काळ्या पाकाची टॉफी खाण्याची प्रथा अजून टिकून आहे. अमेरिकेत मात्र ‘इंग्लिश टॉफी’ या नावाने जे ओळखले जाते ते लोण्याने समृद्ध, बदाम घातलेले आणि वर चॉकलेटचा थर असलेले रूप आहे, आणि कुकीज व केकमध्ये घालण्यासाठी तिथे पाकिटांतून मिळणारे तुकडे याच रूपाचे असतात. घरी करायला हेच रूप सर्वांत सोयीचे, कारण त्याला साहित्य थोडे लागते आणि यंत्र कोणतेच लागत नाही.

टॉफी समजून घ्यायची तर साखरेपेक्षाही पाण्याकडे लक्ष द्यावे लागते. साखरेचे पाणी उकळू लागले की त्यातून वाफ जाते, उरलेला पाक दाट होतो, आणि पाक जितका दाट तितका त्याचा उत्कलनबिंदू, म्हणजे तो ज्या तापमानाला उकळतो तो बिंदू, वर चढतो. यामुळे उकळत्या पाकाचे तापमान म्हणजे प्रत्यक्षात त्यात किती पाणी उरले आहे याचे मोजमापच असते. मराठी स्वयंपाकघराने हे मोजमाप तापमापकाशिवाय शतकानुशतके केले आहे. बोटांच्या चिमटीत एक तार धरणारा एकतारी पाक, त्यापुढचा दोनतारी, आणि पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी वळता येते तो गोळीबंद, हे सगळे साधारण १०४ ते १२० अंशांच्या दरम्यानचे टप्पे आहेत. गोळीबंद पाकाच्या आरंभी, ११३ अंशांच्या सुमारास, त्यात साखर सुमारे ८५ टक्के आणि पाणी १५ टक्के असते. लाडू, वड्या आणि बर्फ्या येथेच थांबतात, आणि पाक यापुढे गेला की तो बिघडला असे बहुतेक घरांत मानले जाते. टॉफीचा प्रवास खरे तर येथून पुढे सुरू होतो. १३२ ते १४३ अंशांच्या टप्प्यात पाण्यात सोडलेला पाकाचा धागा वाकतो आणि मग तुटतो, त्यात पाणी पाच टक्क्यांच्या आसपास असते. १४९ अंशांच्या पुढे तोच धागा न वाकता काचेसारखा कडकन मोडतो आणि तेव्हा पाणी एखादा टक्काच राहिलेले असते. चिक्की करणाऱ्यांना हा टप्पा चांगला ठाऊक आहे, कारण पाण्यातून काढलेला पाकाचा थेंब ताटलीवर टाकल्यावर ‘टण’ असा वाजला पाहिजे ही त्यांची कसोटी याच अवस्थेची आहे.

काचेची ही उपमा केवळ शोभेची नाही. मिठाच्या किंवा साखरेच्या दाण्यात अणू-रेणू शिस्तीने, रांगेने रचलेले असतात आणि अशा रचनेला स्फटिक म्हणतात; खिडकीच्या काचेत मात्र ते द्रवातल्यासारखे अस्ताव्यस्त असतानाच जागच्या जागी गोठलेले असतात. नीट जमलेली टॉफी ही या दुसऱ्या प्रकारची, म्हणजे साखरेची काच असते, आणि तिचा स्वच्छ तुटणारा कुरकुरीतपणा त्यातूनच येतो. पाक थंड होताना जर साखरेच्या रेणूंना पुन्हा रांगेत बसायची संधी मिळाली, तर टॉफी रवाळ आणि भुसभुशीत होते. संक्रांतीचा काटेरी हलवा या दृष्टीने टॉफीच्या अगदी उलट टोकाचा पदार्थ म्हणता येईल, कारण तिथे मंद आचेवर थेंबाथेंबाने पाक सोडत, दाणे सतत हलवत, त्यांच्यावर मुद्दाम स्फटिकांचे काटे वाढवले जातात, आणि ते काटे जितके टोकदार तितके करणाऱ्याचे कौशल्य मोठे मानले जाते. टॉफी करणाऱ्याला हेच स्फटिक टाळायचे असतात. पातेल्याच्या कडेला चिकटलेला साखरेचा एखादा कोरडा दाणा पाकात पडला तरी त्याच्याभोवती इतर रेणू जमू लागतात, म्हणून साखर पूर्ण विरघळण्याआधी पाक उकळू द्यायचा नसतो, आणि कडा ओल्या कुंचल्याने पुसून घ्यायच्या असतात. याखेरीज आणखी एक उपाय आहे: साखरेचा रेणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन लहान शर्करांनी बनलेला असतो, आणि त्यांपैकी एखादी पाकात सुटी मिसळलेली असली तर ती मधे मधे येऊन साखरेची रांग मोडते. केकचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळणारे लिक्विड ग्लुकोज हेच काम करते. पाकात लिंबाचे चार थेंब पिळण्याच्या जुन्या रीतीमागेही हेच कारण आहे, कारण आम्लामुळे थोडी साखर फुटून या दोन शर्करा तयार होतात. संक्रांतीच्या सुमारास बाजारात वेगळा मिळणारा चिक्कीचा गूळही अशा सुट्या शर्करांमुळेच चिवट राहतो.

आता लोण्याविषयी, कारण टॉफीची चव ठरते ती येथे. बाजारातल्या लोण्यात सुमारे ८० ते ८२ टक्के स्निग्धांश असतो, सोळा-सतरा टक्के पाणी असते आणि उरलेला अंश दुधातील प्रथिने, दुग्धशर्करा व क्षार यांचा असतो. हा उरलेला अंश प्रमाणाने किरकोळ वाटला, तरी टॉफीचा बराचसा तपकिरी रंग आणि भाजल्यासारखा खमंगपणा त्याच्यामुळे येतो. निव्वळ साखर करपून रंग धरायला साधारण १६० अंशांच्या पुढे जावे लागते, आणि टॉफी तर त्याआधीच उतरवली जाते. मग तिला रंग येतो तो मुख्यतः प्रथिने आणि शर्करा यांच्यात उष्णतेने होणाऱ्या एका अभिक्रियेतून. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले आणि तिला त्याचेच नाव मिळाले. पावाचे तांबूस कवच, भाजलेली कॉफी आणि लोणी कढवताना तळाशी जमणारी बेरी यांचा वास ज्या कुटुंबातला, त्याच कुटुंबातला टॉफीचा वास आहे. यावरून लोण्याऐवजी साजूक तूप वापरले तर काय होईल, या स्वाभाविक प्रश्नाचे उत्तरही मिळते. तूप म्हणजे पाणी आणि बेरी काढून टाकलेले लोणी. त्यात रंग आणणारा अंश उरलेला नसतो, आणि स्निग्धांश व पाक यांना एकत्र बांधणारी प्रथिनेही उरलेली नसतात, त्यामुळे तुपाची टॉफी फिकी होते, आणि पुष्कळदा तूप वर तरंगून साखर खाली बसते. तुपाचा मान मराठी घरात कितीही मोठा असला, तरी या पदार्थात लोण्याची जागा त्याला घेता येत नाही. घरी घुसळलेले पांढरे लोणी अवश्य वापरावे, मात्र ते थंड पाण्याने धुऊन त्यातले ताक पूर्ण काढावे, आणि त्यात बाजारच्या लोण्यापेक्षा अधिक पाणी असल्याने वेळ जास्त लागेल हे लक्षात ठेवावे.

घरच्या एका घाण्यासाठी २२५ ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे पाणी, एक मोठा चमचा लिक्विड ग्लुकोज आणि पाव लहान चमचा मीठ पुरते. लोणी खारे असेल तर मीठ वगळावे. लोण्यातले आणि वरून घातलेले मिळून यात सुमारे ६५ ग्रॅम पाणी असते आणि ते जवळजवळ सगळे उडून जायचे असते, तेव्हा हाती सुमारे ४०० ग्रॅम टॉफी येते. पातेले जाड बुडाचे आणि आत्ता लागणाऱ्यापेक्षा दुप्पट मोठे असावे, कारण मिश्रण फसफसून वर येते. आधी मंद आचेवर लोणी वितळू द्यावे, मग साखर, पाणी, ग्लुकोज आणि मीठ घालून साखर विरघळेपर्यंत हलवावे, आणि त्यानंतर आच मध्यम करून लाकडी कालथ्याने संथपणे, पण खंड न पाडता ढवळत राहावे. आरंभी तापमान बराच वेळ शंभराच्या थोडे वर रेंगाळते, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होत असते. या वेळी आच वाढवण्याचा मोह होतो आणि तो आवरावा लागतो. पाणी संपत आले की तापमान झपाट्याने चढू लागते, बुडबुडे मोठे व आळशी होतात, रंग लोण्याच्या पिवळ्यावरून बदामी आणि मग मधासारखा होतो. १४८ अंशांना पातेले उतरवावे, कारण तापलेल्या भांड्यामुळे पुढचे एक-दोन अंश आपोआप चढतात. एक लहान चमचा व्हॅनिला अर्क घालायचा असेल तर तो याच वेळी, थोडे दूर उभे राहून घालावा, कारण त्यातला द्रव पडताक्षणी उसळतो. मग मिश्रण बटर पेपर अंथरलेल्या, सुमारे २२ बाय ३० सेंटिमीटरच्या थाळीत ओतावे. थर पाच मिलिमीटरच्या जवळपास बसतो, आणि तुकडे करण्यासाठी तो याहून जाड नसणेच चांगले.

या कामात धोका आहे, आणि तो सौम्य करून सांगणे योग्य होणार नाही. १५० अंशांचा पाक उकळत्या पाण्याहून कितीतरी तापलेला असतो, आणि पाण्यासारखा ओघळून न जाता कातडीला चिकटून राहतो. म्हणून लहान मुलांना ओट्यापासून दूर ठेवावे, लांब दांड्याचा कालथा वापरावा, आणि थंड पाण्याचे पसरट भांडे शेजारी ठेवावे.

टॉफी बिघडते ती बहुधा फाटल्यामुळे. वितळलेले लोणी आणि पाक यांचे मिश्रण हे एक पायस असते, म्हणजे न मिसळणाऱ्या दोन द्रवांपैकी एकाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात तरंगत ठेवलेले मिश्रण. दूध आणि मेयोनेझ ही त्याची ओळखीची उदाहरणे. आच एकदम वाढली, ढवळणे मध्येच थांबले, किंवा पातेले पातळ बुडाचे असून एकाच जागी तापले, तर हे थेंब एकमेकांना मिळतात आणि पिवळे तेल वर सुटून खाली साखरेचा गोळा होतो. अशा वेळी सगळे टाकून देण्याची घाई होते, पण उपाय सोपा आहे: आच अगदी मंद करून चमचाभर कडकडीत पाणी जपून घालावे आणि एकसारखे ढवळावे. थेंबांना तरंगायला जागा देणारे पाणीच अकाली कमी झालेले असते, ते मिळताच मिश्रण बहुधा पुन्हा एकजीव होते, आणि घातलेले पाणी परत उडवून पूर्वीच्या तापमानापर्यंत जाता येते.

तापमापक घेणे परवडत असेल तर घ्यावा, परंतु त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आधी तो उकळत्या पाण्यात धरून पाहावा. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते, आणि दर ३०० मीटर उंचीमागे उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने खाली येतो. त्यामुळे मुंबईत किंवा पणजीत तापमापक १०० दाखवील, पुण्यात ९८ च्या आसपास, आणि सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला ९५ ते ९६. पाण्याचा जो आकडा दिसेल तो शंभरापेक्षा जितका कमी, तितकेच अंश टॉफीच्या अंतिम तापमानातून वजा करावेत. एवढे करूनही शेवटची खात्री थंड पाण्याच्या वाटीतच करावी. या बाबतीत ती वाटी यंत्राहून कमी विश्वासार्ह नाही.

नुसती खायची टॉफी असेल तर ओतल्यानंतर तिच्या वर बारीक केलेले चॉकलेट पसरावे, पाच मिनिटांत ते उष्णतेने वितळले की सुरीने सारखे करावे, आणि भाजलेल्या बदामांचा किंवा कोकणातल्या काजूंचा भरडा दाबून बसवावा. पृष्ठभागावर लोण्याचा तवंग दिसत असेल तर चॉकलेट घालण्याआधी तो कागदाने टिपून घ्यावा, नाहीतर चॉकलेटचा थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. बेकिंगसाठी मात्र टॉफी कोरीच ठेवून, पूर्ण थंड झाल्यावर जाड पिशवीत घालून लाटण्याने ठेचावी, आणि मग चाळणीतून काढून पाच ते आठ मिलिमीटरचे तुकडे वेगळे करावेत. खाली पडलेली पूड टाकू नये. कॉफीवर, खिरीवर किंवा लोणी लावलेल्या भाजलेल्या पावावर ती सुरेख लागते.

हे तुकडे ओव्हनमध्ये कसे वागतात हे ठाऊक नसेल तर निराशा पदरी पडते. कुकीज साधारण १७५ अंशांना भाजतात आणि टॉफी त्याआधीच मऊ होऊन वाहू लागते. गोळ्याच्या कडेला असलेले तुकडे ताटलीवर पसरून जाळीसारखे होतात आणि चिकटतात. यासाठी पीठ फ्रिजमध्ये अर्धा तास घट्ट करावे, तुकडे शक्यतो गोळ्याच्या आत दाबावेत, खाली बटर पेपर अंथरावा, आणि भाजलेल्या कुकीज पूर्ण निवेपर्यंत उचलू नयेत, कारण वितळलेली टॉफी निवतानाच पुन्हा कडक होते. केकची गोष्ट वेगळी. त्याच्या पातळ पिठात पाणी भरपूर असते, आणि साखरेची काच त्यात विरघळून जाते; भाजून झालेल्या केकमध्ये तुकड्यांच्या जागी गोड, ओलसर पोकळ्या तेवढ्या सापडतात. त्या काही वाईट लागत नाहीत, पण कुरकुरीतपणा हवा असेल तर तुकडे केक निवल्यावर वरूनच भुरभुरावेत. आइस्क्रीममध्ये घालायचे असल्यास आधी वितळवलेल्या चॉकलेटमध्ये घोळवून थिजवावेत. चॉकलेटच्या स्निग्ध कवचातून ओलावा सहजी आत शिरत नाही.

साठवणीतही हाच ओलावा आडवा येतो. साखरेची काच हवेतील बाष्प शोषते, आणि आत शिरलेल्या थोड्याशा पाण्यानेही ती ज्या तापमानाला मऊ पडते ते बरेच खाली येते. अगदी कोरडी असताना साठ अंशांच्या वर टिकणारी टॉफी दमट हवेत खोलीच्या तापमानालाच चिकट होते. म्हणून कोकणात किंवा मुंबईत आषाढ-श्रावणात टॉफी करायची झाल्यास ती निवताक्षणी, तासभर उघडी न ठेवता, डब्यात बंद करावी, आणि त्या दिवसांत ती एक-दोन अंश अधिक शिजवलेली बरी. थर बटर पेपरने वेगळे करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेली टॉफी दोन-तीन आठवडे चांगली राहते. पुढे ती कडक राहिली तरी लोणी खवट होऊ लागते. फ्रीजरमध्ये ती काही महिने टिकते, परंतु बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर थंड तुकड्यांवर दव जमून ते एकमेकांना चिकटतात.

पातेल्याला आणि कालथ्याला चिकटून दगडासारखी झालेली टॉफी खरवडण्यात श्रम घालवू नयेत. त्यात पाणी भरून, कालथा आतच ठेवून, मंद आचेवर दहा मिनिटे उकळले की ती विरघळून निघते, आणि वर उरलेला लोण्याचा तवंग राखेने किंवा साबणाने धुऊन जातो.